१२ ते १४ वर्षांच्या मुलांचा लेखनवर्ग : कोरं पान, ‘आणि मग’ आणि शेवटी स्वप्नातून जाग

कोरंपान

नमस्कार मंडळी. १२ ते १४ वयाच्या मुलांसाठी आठ आठवड्यांचा लेखनवर्ग आखायचा आहे. आठवड्यातून एकदा ६० मिनिटं, गटात १८ मुलं. लेखन मराठीतून, हाताने, वहीत. निबंधाची तयारी करून घ्यायची नाही. गोष्ट, संवाद, जमलं तर कविता.

या वयाच्या मुलांच्या वह्यांत चार गोष्टी हमखास दिसतात. ‘काहीही लिहा’ म्हटलं की निम्मी मुलं पेन चावत बसतात. गोष्ट म्हणजे ‘तो उठला, आणि मग तो गेला, आणि मग त्याला दिसलं’. भावना म्हणजे ‘तिला खूप खूप वाईट वाटलं’. आणि शेवट म्हणजे ‘इतक्यात मला जाग आली’, नाहीतर सगळे मेले, नाहीतर तात्पर्य.

यावर नेमके कोणते सराव, किती मिनिटांचे आणि कोणत्या क्रमाने घ्यावेत? आणि मुलाचा लिहिण्यातला जीव जाणार नाही अशा रीतीने वही तपासायची कशी? ‘प्रोत्साहन द्या’ हे ठाऊक आहे. प्रत्यक्ष काय करायचं ते हवं आहे.

मात्रावेलांटी

चारही तक्रारींचं मूळ बरंचसं एकच आहे. विषय फार मोठा असतो आणि मोकळीक फार जास्त. ‘काहीही’मधून एक निवडायचं म्हणजे बाकीचं सगळं सोडून द्यायचं, तेही वर्गमित्रांच्या डोळ्यांदेखत. या वयात चारचौघांत चुकण्याइतकी दुसरी कसली भीती नसते, म्हणून पेन थांबतं. कल्पनाशक्ती कमी असते म्हणून नव्हे.

तेव्हा आधी कुंपण घाला. चालणाऱ्या विषयात तीन गोष्टी असतात: माणूस कोण, त्याला काय हवंय आणि कधीपर्यंत, आणि मधे काय आडवं येतंय. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ यात तिन्ही नाहीत. ‘लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली आहे. आत दोघी मैत्रिणी. कालपासून त्या एकमेकींशी बोलत नाहीत. एकीला दहा मिनिटांत वर पोचायचंय’ यात तिन्ही आहेत. मर्यादा १५० शब्द. विषयात शेवट मात्र सांगायचा नाही. ‘शेवटी त्यांची मैत्री होते’ एवढं पुढे जोडलं की १८ वह्यांत एकच गोष्ट येते. आणि निवडीला पाच-पाच विषय देऊ नका, निवडण्यातच दहा मिनिटं जातात. दोन पुरे.

पहिल्या आठवड्यासाठी सगळ्यात भरवशाचा सराव इटालियन बाललेखक जियानी रोदारी यांचा. त्यांनी १९७३ साली तो शिक्षकांसाठी सविस्तर मांडला. एकमेकांपासून लांबचे दोन शब्द घ्यायचे आणि त्यांची गाठ घालायची. त्यांचं स्वतःचं उदाहरण कुत्रा आणि कपाट. मराठीत हे विशेष जमतं, कारण आपल्या विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं हे काम आयतं करतात: कपाटातला कुत्रा, कुत्र्याचं कपाट, कपाटावरचा कुत्रा, कुत्र्यासाठी कपाट, कपाटामागे कुत्रा. प्रत्यय बदलला की गोष्ट बदलते. ‘कपाटातला कुत्रा’ म्हटलं की कुणीतरी त्याला लपवलंय. ‘कुत्र्याचं कपाट’ म्हटलं की कुत्र्याकडे ठेवण्याजोगं काहीतरी आहे. चार मिनिटांत सहा जोड्या लिहायच्या, एकीवर खूण करायची, मग १२ मिनिटं लेखन.

हा सराव दोन ठिकाणी फसतो. शब्द जवळचे असले (घोडा आणि कुत्रा) तर ठिणगी पडत नाही. एक शब्द भाववाचक असला (कुत्रा आणि स्वातंत्र्य) तर लगेच निबंध सुरू होतो. म्हणून दोन्ही नामं हाताला लागणाऱ्या वस्तूंची हवीत, आणि ती दोन वेगळ्या मुलांनी, एकमेकांची चिठ्ठी न बघता लिहिलेली हवीत.

तास सुरू करताना न थांबता लेखन. अमेरिकन लेखनशिक्षक पीटर एल्बो यांनीही १९७३ मध्येच ही पद्धत पुढे आणली. पहिल्या आठवड्यात ३ मिनिटं, चौथ्यापर्यंत ५, त्यापुढे वाढवू नका. नियम एकच, पेन कागदावरून उचलायचं नाही. सुचलं नाही तर शेवटचा शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा. ही पानं कुणी वाचत नाही, तुम्हीसुद्धा नाही. हे वचन एकदा जरी मोडलं, म्हणजे ‘जरा तुझं वाच बघू’ म्हटलं, की पुढचे सगळे आठवडे मुलं त्या पाच मिनिटांतही नीटनेटकं, दाखवण्याजोगं लिहितात आणि सरावाचा उपयोग संपतो. बाकांमधून फेऱ्याही मारू नका. सावली पानावर पडली की हात आडवा येतो. तुम्हीही बसा आणि लिहा.

साठ मिनिटांची विभागणी साधारण अशी: न थांबता लेखन ५, एखादा छोटा उतारा मोठ्याने वाचून त्यावर बोलणं १०, मुख्य लेखन २०, तिघा-तिघांत वाचन १५, एकच दुरुस्ती ५. उरलेली पाच मिनिटं वह्या काढण्यात आणि पेनं शोधण्यात जातात, ती धरूनच चाला.

आणखी एक बंधन तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जरूर घ्या: पाच वाक्यं, एकही जोडाक्षर नाही. वरवर खेळ वाटतो, पण बघा काय काय गळून पडतं. प्रचंड, अत्यंत, निसर्गरम्य, अविस्मरणीय, स्वप्न, सगळं बाद. ‘त्याला’, ‘त्याने’ बाद, म्हणून पात्राला नाव द्यावंच लागतं. ‘म्हणाला’ बाद, म्हणून संवाद आधाराशिवाय उभा करावा लागतो. उरतं ते असं काहीतरी:

‘रात सरली. मोहन अजून जागाच. दारात कुणी तरी उभं. पाय ओले, हात रिकामे. “आत येऊ?”’

निबंधाची भाषा सोडा असं सांगून ती सुटत नाही, पण इथे तिला जागाच मिळत नाही. पाच वाक्यांच्या पुढे मात्र ताणू नका. सहाव्या वाक्यापासून मुलं गोष्ट विसरून अक्षरं मोजू लागतात.

तिसरामसुदा

वरच्या बहुतेक गोष्टींशी सहमत. एक सुधारणा सुचवतो: न थांबता लेखन सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. ज्यांचा हात सावकाश चालतो किंवा अक्षर जुळवतानाच दमछाक होते, त्यांना तीन मिनिटं ही शर्यत वाटते आणि पान रिकामं राहिलं की शरम. अशा मुलांना आधी दोन मिनिटं तोंडी सांगू द्या, शेजाऱ्याला किंवा रेकॉर्डरवर. मग त्यातलं एकच वाक्य लिहायचं. सांगितलेल्या गोष्टीचा सूर त्या वाक्यात उतरलेला असतो, आणि तो सूर पुष्कळदा भराभर लिहिणाऱ्यांपेक्षा बरा असतो.

आता ‘आणि मग’. हा शब्दांचा दोष नाही, कार्यकारणाचा आहे. मुलाला घटना क्रमाने दिसतात, एकीमुळे दुसरी घडताना दिसत नाही. उपाय यांत्रिक आहे, पण चालतो. मुलाने स्वतःच पेन्सिलने प्रत्येक ‘आणि मग’ला गोल करायचा आणि त्या जागी ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतं का ते बघायचं. ‘बस चुकली आणि मग तो चालत निघाला’ इथे ‘म्हणून’ सहज बसतं, वाक्य सुटलं. ‘तो चालत निघाला आणि मग पाऊस आला’ इथे ‘पण’ चालेल. ‘पाऊस आला आणि मग त्याने दुकान पाहिलं’ इथे दोन्ही बसत नाहीत, म्हणजे दुकान गोष्टीत उगाच आहे. काढा, किंवा त्याला तिथे जायची गरज पडेल असं करा. ‘अचानक’ आणि ‘इतक्यात’ हे दोन शब्द गोष्टीत मिळून एकदाच. नाहीतर ‘आणि मग’ काढून तिथे ‘अचानक’ येतो आणि आजार तसाच राहतो.

सुरुवातीसाठी कागदाची पट्टी वापरा. पहिली तीन वाक्यं पट्टीने झाकायची आणि चौथ्यापासून मोठ्याने वाचायचं. पहिल्या तीनांत नाव, वय, उठणं, आवरणं हेच असतं, त्यामुळे बऱ्याच वेळा गोष्ट चौथ्यापासूनच सुरू झालेली असते. पट्टी काढून फाडाफाडी करायची गरज नाही. आपलंच पान कुठून जिवंत होतं हे मुलाला दिसलं की पुरे.

भावनांबद्दल एक धोक्याची सूचना. दुःख, आनंद, राग, भीती या शब्दांवर बंदी घालायचा सराव सगळीकडे करतात. चांगला आहे, पण अर्धाच. बंदी घातली की मुलं सरळ तयार मालाकडे वळतात: डोळ्यांत पाणी तरळलं, काळजात धस्स झालं, पायाखालची जमीन सरकली. एक ठोकळा गेला, दुसरा आला. म्हणून बंदीबरोबर दोन प्रश्न द्यावे लागतात. या क्षणी हात काय करताहेत? जवळ कुठली वस्तू आहे?

नमुना म्हणून या वयाच्या वहीत शोभेल असा एक तुकडा रचून दाखवतो:

‘एक मुलगा होता. त्याचं नाव रोहन होतं. त्याचे बाबा वारले होते त्यामुळे तो खूप दुःखी होता. एके दिवशी त्याला बाबांचा मोबाईल सापडला. त्याला बाबांची खूप आठवण आली व तो रडू लागला.’

इथे समासात ‘भावना अधिक खुलवा’ असा शेरा मारला तर पुढच्या मसुद्यात रडणं दुप्पट होईल, बाकी काही होणार नाही. त्याऐवजी ‘मोबाईल’ शब्दाखाली रेघ आणि तीन प्रश्न: कुठे सापडला? चालू झाला का? आधी काय पाहिलं? एवढ्यावरून हे होऊ शकतं:

‘मोबाईल बाबांच्या स्वेटरच्या खिशात होता. रोहनने तो चार्जरला लावला आणि समोर बसून राहिला. पडदा उजळला. चार आकडे मागत होता. त्याने बाबांचं जन्मसाल टाकलं. चूक. आईचं. चूक. मग त्याने स्वतःचं टाकलं.’

‘दुःखी’ नाही, ‘आठवण’ नाही, रडणं नाही. फोन उघडला हेही सांगितलेलं नाही. प्रश्न वस्तूबद्दलचे होते, म्हणून उत्तरंही वस्तूत आली. मुलांना भावनेबद्दल विचारलं तर ती लाजतात किंवा पाठ केलेलं सांगतात. वस्तूबद्दल विचारा, ती खूप बोलतात.

पण ‘सांगू नका, दाखवा’ याचा अतिरेकही करू नका. वेळ ओलांडायला सांगणंच बरं. ‘तीन महिने त्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही’ हे सांगणंच आहे, आणि उत्तम आहे. सगळंच दाखवायला लावलं की मुलं पात्राला दार उघडण्यात अर्धं पान घालवतात.

वही तपासण्याबद्दल. पहिल्या मसुद्यावर लाल शाई नको आणि गुणही नकोत. गुण दिसले की शेरा वाचलाच जात नाही. दोनच खुणा: जे वाक्य कुठल्याही बदलात जायला नको त्याच्याखाली नागमोडी रेघ, आणि जिथे अजून जाणून घ्यावंसं वाटलं तिथे प्रश्नचिन्ह. एका पानावर एक ते दोन नागमोडी, जास्तीत जास्त तीन प्रश्न. सात प्रश्न आले की मूल त्यातला सगळ्यात सोपा सोडवतं आणि थांबतं. नागमोडी रेघ खरी हवी. उगाच ओढलेली मुलं दुसऱ्याच आठवड्यात ओळखतात.

शुद्धलेखन शेवटच्या मसुद्यात, आणि एका वेळी एकच नियम. सुरुवात अंत्य इकार-उकारापासून करा: शेवटी आला की दीर्घ, ‘आणि’, ‘नि’ व ‘परंतु’सारखी संस्कृत अव्ययं अपवाद. एवढ्याने पानावरच्या बऱ्याच चुका आवरतात आणि नियम एका ओळीत सांगता येतो. त्याच्या जोडीला ‘केले’ आणि ‘केलं’ यांची सरमिसळ. दोन्ही चालतात, पण निवेदनात एकच काहीतरी ठरवायचं. मुलं पहिली दोन वाक्यं ‘केले, गेले’ अशी पुस्तकी लिहितात आणि गोष्ट रंगात आली की आपोआप ‘केलं, गेलं’वर येतात. ही जागा त्यांना दाखवा. तिथे त्यांचा स्वतःचा आवाज सुरू झालेला असतो, तेव्हा मागची दोन वाक्यं त्याला जुळवून घ्यायची.

काळाची सरमिसळही अशीच: ‘तो आत जातो आणि म्हणाला’. तोंडी गोष्टीत आपण सगळेच असं बोलतो, म्हणून ही चूक अडाणीपणाची नाही. फक्त क्रियापदांखाली रेघा मारायला लावा आणि विचारा, हे मुद्दाम केलंय का?

कोरंपान

खूप उपयोगी. दोघांचेही आभार. तीन गोष्टी राहिल्या. संवाद: सगळी पात्रं पाठ्यपुस्तकासारखी बोलतात. पुनर्लेखन: ‘पुन्हा लिही’ म्हटलं की चेहरा पडतो. आणि वाचून दाखवणं: काही मुलं काही केल्या वाचत नाहीत, तर काहींच्या वह्यांत फार काळोखं येतं, मृत्यू, मारामारी, स्वतःला इजा. तिथे काय करावं?

ऐकणाराकान

संवादापासून. मराठीत आपल्याकडे एक हत्यार आहे ते मुलांना जन्मापासून ठाऊक असतं, लिहिताना मात्र विसरतात: तू, तुम्ही, अहो, अगं, अरे. कोण कुणाला काय म्हणतो यावरून नातं, वय, राग, अंतर सगळं कळतं. सराव असा. दोन पात्रं, दहा ओळी, एकही ‘म्हणाला’ नाही, कुठलीही ओळ सहा शब्दांपेक्षा मोठी नाही, आणि मधे एकदा संबोधन बदललं पाहिजे. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर किंवा उलट. ती बदललेली ओळ हीच गोष्ट. आजवर ‘तू’ म्हणणारी आई ‘हो का, तुम्ही म्हणाल तसं’ म्हणते तेव्हा राग म्हणून वेगळं लिहावं लागत नाही.

झाल्यावर पात्रांची नावं झाकून दुसऱ्याला वाचायला द्यायचं. कोण बोलतंय हे पाचव्या ओळीपर्यंत कळलं नाही तर दोघं एकाच तोंडाने बोलताहेत. घरची बोली संवादात येऊ द्या, दुरुस्त करू नका. निवेदन प्रमाण आणि संवाद बोलीत हे मुलांना आपसूक जमतं, फक्त परवानगी लागते. एक चूक मात्र सारखी होते. दोन पात्रं एकमेकांना ठाऊक असलेली माहिती वाचकासाठी सांगत बसतात: ‘ताई, तू तर माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहेस.’ कुठलाच भाऊ असं बोलत नाही. खूण सोपी आहे. ओळीच्या आधी ‘तुला तर माहीतच आहे’ बसत असेल तर ती ओळ काढा.

पुनर्लेखनाला ‘पुन्हा लिही’ म्हणूच नका. या वयात त्याचा अर्थ ‘पहिलं फुकट गेलं’ असाच घेतला जातो. मोजता येईल असं काम द्या: १५० शब्द आहेत, १०० करा. आकडा नेमका हवा, ‘थोडं कमी कर’ चालत नाही. पहिले वीस शब्द सहज जातात, ‘खूप’, ‘अतिशय’, ‘एके दिवशी’. पुढचे वीस वर्णनातून निघतात. शेवटच्या दहांसाठी एखादा प्रसंग सोडावा लागतो, आणि खरी शिकवणी तिथे होते, कारण आता मुलाला गोष्टीत कशाशिवाय भागत नाही ते ठरवावं लागतं. दुसरा मार्ग कात्रीचा. कागदाच्या एकाच बाजूला, एक ओळ सोडून लिहायचं, वाक्यांच्या पट्ट्या कापायच्या आणि बाकावर मागेपुढे लावून बघायच्या. मधली पट्टी पहिली ठेवली की काय होतं हे हाताने कळतं. पट्ट्या कापण्याआधी क्रमांक घाला, नाहीतर मूळ क्रम हरवतो आणि रडारड होते.

वाचन तिघांच्या गटात करा. चौघांच्या नको. एका मजकुराला दोन मिनिटं वाचन आणि तीन मिनिटं बोलणं धरलं तर तिघांना १५ मिनिटं पुरतात, चौघांना २० लागतात आणि चौथ्याचं कायम राहतं. लिहिणाऱ्याने स्वतः वाचायचं नाही, शेजाऱ्याने वाचायचं. लिहिणारा स्वतःचं वाचतो तेव्हा पानावर नसलेलं आवाजाने भरून काढतो. दुसरा वाचताना जिथे अडखळतो तिथे वाक्य खरोखरच अडलेलं असतं, आणि ते लिहिणाऱ्याच्या कानाला लगेच टोचतं. ती तीन मिनिटं लिहिणाऱ्याने गप्प बसायचं, खुलासे नाहीत. ऐकणाऱ्यांना दोनच वाक्यं मोकळी: ‘मला अमुक दिसलं’ आणि ‘इथे मला कळलं नाही की...’. ‘छान आहे’ म्हणायचं तर कोणते शब्द, ते वाचून दाखवायचं.

जे वाचतच नाहीत त्यांना ‘पास’ म्हणायचा हक्क पहिल्या दिवशीच द्या, सगळ्यांदेखत, कारण न विचारता. निनावी वाचायचं असेल तर तुम्ही स्वतः वाचा. कागद फिरवले तर अक्षरावरून कोण ते कळतंच.

काळोख्या मजकुराबद्दल सावकाश लिहिते, कारण इथे घाई महागात पडते. १३ वर्षांचं मूल मृत्यूबद्दल लिहितं ही त्या वयाची साधी गोष्ट आहे. त्याने घाबरून जाऊ नका आणि विषयावर बंदी घालू नका. नुसत्या मारामारीसाठी लेखनाचाच उपाय आहे: गोष्टीत एकच मृत्यू, आणि तो घरी कळवायला कोण जातं ते लिहायचं. वीस मुडदे पाडणारं पान या एका अटीने शांत होतं.

पण मजकूर प्रथमपुरुषी असेल, त्यात स्वतःला इजा करण्याची जागा, वेळ किंवा साधन नेमकं आलं असेल, घरात कुणी मारतं किंवा नको तसं वागतं असं सूचित होत असेल, किंवा मजकुराबरोबर मुलाचं वागणंही बदललेलं दिसत असेल, तर ती गोष्ट म्हणून वाचायची नाही. त्याच दिवशी, एकट्याला बाजूला घेऊन बोला. भाषेवर एक शब्द नको. सरळ विचारा, ‘हे तुझ्याबद्दल आहे का?’ असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेलं काही शिरत नाही. मग संस्थेत या गोष्टीसाठी जो जबाबदार माणूस असेल त्याला त्याच दिवशी सांगा आणि पुढचं त्याच्याबरोबर ठरवा. घरातल्याच कुणाबद्दल असेल तर परस्पर घरी कळवू नका. यासाठी पहिल्या तासालाच एक वाक्य सांगून ठेवावं लागतं: ‘तुम्ही लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, फक्त कुणाच्या जिवाला धोका आहे किंवा कुणाला त्रास दिला जातोय असं वाटलं तर मला ते मोठ्या माणसांना सांगावं लागेल.’ हे वाक्य न सांगता गुप्ततेचं वचन दिलं, तर पुढे ते मोडावं लागतं, आणि नेमकं ज्या मुलाला तुमची गरज असते तेच तुमच्यापासून लांब जातं. आणि वर मात्रावेलांटी यांनी म्हटलेली न वाचायची पानं खरोखरच वाचू नका, पण मूल आपणहून दाखवत असेल तर ‘नियम आहे’ म्हणून टाळू नका. पुष्कळदा तीच हाक असते.

मात्रावेलांटी

गुप्ततेबद्दलचं वरचं वाक्य पहिल्या तासाला फळ्यावरच लिहावं असं आहे.

शेवटांचं राहिलं होतं. स्वप्नातून जाग येते कारण मुलाने गोष्टीत इतकं काही आणून ठेवलेलं असतं की निस्तरायला वेळच उरत नाही. सगळे मरतात तेही त्याचमुळे. तात्पर्य मात्र निबंधाच्या सवयीतून येतं, शेवटी काहीतरी शहाणपणाचं म्हणायचं असतं असं मुलांना वाटतं. कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे.

पहिल्या दोघांसाठी घड्याळ. २० मिनिटांच्या लेखनात १३व्या मिनिटाला सांगा: ‘आता नवीन माणूस नाही, नवीन जागा नाही. आहे त्यातूनच.’ एवढ्याने बराच फरक पडतो. शिवाय पहिल्या परिच्छेदात एक वस्तू ठेवायची आणि शेवटी ती पुन्हा आणायची, पण बदललेली. पहिल्यांदा नवी छत्री, शेवटी तीच छत्री दुसऱ्याच्या हातात. मुलाकडे पोचायचं ठिकाण असलं की स्वप्न लागत नाही. एखाद्या आठवड्यात शेवटचं वाक्यच आधी द्या, ‘तिने किल्ली परत केली नाही’, आणि तिथपर्यंत यायला सांगा.

तात्पर्यासाठी बोट. शेवटच्या वाक्यावर बोट ठेवायचं आणि त्याच्याशिवाय वाचायचं. गोष्ट पूर्ण वाटली तर ते वाक्य काढायचं. मग त्याच्या आधीच्यावर बोट. ज्या वाक्याशिवाय भागत नाही तिथे थांबायचं. ते वाक्य जवळजवळ नेहमी कुणीतरी केलेली कृती किंवा बोललेला शब्द असतं.

सिनेमा-गेममधली पात्रं घेऊन लिहिणाऱ्यांना अडवू नका. जग आयतं मिळाल्यामुळे ती मुलं सरळ प्रसंगात शिरतात. अट एकच, पडद्यावर न दिसलेला प्रसंग हवा: नायक वाट बघतोय, आजारी आहे, हरून घरी आलाय. आणि मशीनकडून लिहून आणण्याची चिंता असेल तर पहारा करू नका, लेखन वर्गातच हाताने होऊ द्या. घरी फक्त टिपणं: आठवड्यात कानावर पडलेली पाच वाक्यं, जशीच्या तशी, बोलणाऱ्याचं नाव न घालता. पुढच्या तासाचा संवाद त्यातूनच सुरू करा.

क्रम विचारला होता. पहिल्या आठवड्यात शब्दांची जोडी, दुसऱ्यात लिफ्टसारखा कुंपणाचा विषय, तिसऱ्यात जोडाक्षराविना पाच वाक्यं आणि वस्तूंबद्दलचे प्रश्न. चौथ्यात संवाद. पाचव्यापासून एकच गोष्ट धरायची, जास्तीत जास्त ३०० शब्द: पाचव्यात पहिला मसुदा, सहाव्यात ‘म्हणून-पण’ आणि पट्टी, सातव्यात ३०० वरून २०० शब्द आणि शेवट. कविता या आठांत कोंबू नका. चौथ्या आठवड्यात कुणाचा संवाद आपोआप ओळींत पडला तर त्याला तसाच ठेवू द्या. आठव्यात नवीन काही लिहायला द्यायचं नाही. शुद्धलेखनाचा एक हात, स्वच्छ प्रत, आणि ज्यांना हवं त्यांचं वाचन. पट्ट्या, खोडलेले मसुदे, प्रश्नचिन्हांची पानं सगळी त्याच वहीत डकवून वही मुलाच्या हातात परत द्या.